वृंदा सबनीसचा घसा

सिडनीजवळच्या पॅरामॅटाच्या ऑफिसात वृंदा सबनीस माझ्या शेजारच्या डेस्कवर जवळजवळ चार वर्षं बसली. एवढ्या काळात तिचा चढलेला आवाज मी ऐकला नाही. आमचं काम इन्शुरन्स कंपनीच्या तक्रार विभागातलं. सकाळी हेडसेट डोक्यावर चढवायचा आणि संध्याकाळपर्यंत लोकांचा राग ऐकायचा. कुणाच्या गाडीचं छत गारपिटीत चेचलेलं, कुणाच्या किचनमध्ये पाइप फुटलेला, आणि क्लेम नामंजूर. माणसं ओरडायची. आम्ही बाकीचे ओरडणाऱ्याबरोबर नकळत अर्धी पट्टी वर सरकायचो. वृंदाचं उलटं. समोरचा जितका चढेल तितकी ती खाली उतरायची. शेवटी इतकी हळू बोलायची की ती काय म्हणतेय ते कळायला पलीकडच्या माणसाला गप्प व्हावंच लागायचं.

उंची पाच फुटांच्या जरा वर. केस घट्ट मागे बांधलेले, अंगात बारा महिने निळा कार्डिगन. एसीच्या झोताखाली ती कधी बसली नाही आणि बर्फ घातलेलं काही कधी प्यायली नाही. टेबलावर थर्मास, त्यात कोमट पाणी. दर कॉलनंतर एक घोट. मी एकदा विचारलं, "घसा दुखतो का गं?"

"नाही. जपते," ती म्हणाली.

ऑफिसात सगळ्यांना ती नाजूक वाटायची. मला पहिले सहा महिने तसंच वाटलं. मग मला तिचे दोन शब्द कळले. ते दोन शब्द म्हणजे "नोंद आहे."

आमचा टीम लीडर ग्रेग. माणूस हसतमुख, पण दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवण्यात पटाईत. तक्रारींची छाननी कशी करावी याची एक पद्धत वृंदाने तीन आठवडे बसून तयार केली होती. ग्रेगने ती हेड ऑफिसला स्वतःची म्हणून दाखवली. मीच चिडले. वृंदा त्याला म्हणाली, "नो वरीज, ग्रेग." आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, तेवढ्याच शांतपणे, "नोंद आहे."

आठ महिने गेले. हेड ऑफिसची माणसं आमच्याकडे आली. ग्रेगने वृंदाकडूनच स्लाइड्स करून घेतल्या. तिने मन लावून केल्या, एकही चूक नव्हती. पाहुण्यांपैकी एका बाईने विचारलं, "हा तिसरा टप्पा नक्की कसा चालतो?" ग्रेगने वृंदाकडे पाहिलं. वृंदाने त्याच्याकडे फार मायेने पाहिलं आणि म्हणाली, "ग्रेगनेच तयार केलंय सगळं. त्याच्याइतकं छान मला नाही सांगता येणार." त्यानंतर ग्रेग जे काही बोलला ते ऐकताना मी टेबलाखाली स्वतःचा हात दाबून धरला होता. वृंदा थर्मासमधलं पाणी पीत होती.

पेंडल हिलला स्टेशनजवळच्या एका दुकानातून तिने थालीपिठाची भाजणी घेतली. घरी उघडली तर आत जाळी. परत न्यायला गेली तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, खुला हुआ माल हम वापस नहीं लेते." ती "ठीक है" म्हणून आली. पुढच्या शनिवारी सकाळी मी भाजीला गेले, तर ही दुकानाच्या दाराबाहेर उभी. हातात तेच पाकीट. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला हळू आवाजात सांगत होती, "ताई, भाजणी घेताना तेवढं पाकीट उजेडात धरून बघा हं." एवढंच. भांडण नाही, आरडाओरडा नाही. दोन तास. दुकानदार शेवटी स्वतः बाहेर आला, हात जोडले, नवीन पाकीट दिलं. तिने ते घेतलं नाही.

"मग हवं काय होतं तुला?" मी विचारलं.

"त्याचे जोडलेले हात."

मला हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली. या बाईचं आपण काही वाकडं करू नये, एवढं मनाशी ठरवलं.

एका रविवारी मी तिला घरी जेवायला बोलावलं. माझी मुलगी सई तेव्हा सोळा वर्षांची. ती तिच्या खोलीतून काळा टीशर्ट घालून बाहेर आली. पुढे कसल्याशा पडक्या चर्चचं चित्र आणि वर नाव, 'कोल्ड व्हेस्ट्री'. तो इंग्लंडमधला मेटलकोअर बँड. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: गिटारी करवतीसारख्या चालतात, ड्रम छातीत बसतो आणि एक माणूस वाघासारखा डुरकत असतो. मध्येच गोड सुरातला कोरस येतो, आपल्याला वाटतं सुटलो, तर पुन्हा डुरकणं. आमच्या घरात वर्षभर हेच चाललं होतं.

वृंदाने टीशर्टकडे पाहिलं आणि हातातला घास ताटात ठेवला.

"तुला आवडतो हा बँड?" तिने विचारलं.

"ऑब्सेस्ड," सई म्हणाली. "डॅनी, देअर सिंगर, ही इज द बेस्ट स्क्रीमर इन द वर्ल्ड. पहिला आल्बम ऐका तुम्ही, मावशी. यू वोन्ट बिलीव्ह दॅट्स अ ह्यूमन."

"हो का," वृंदा म्हणाली.

सई पाणी आणायला वळली. टीशर्टच्या पाठीवर मोठ्या लाल अक्षरांत त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यातली ओळ छापली होती: 'मार्टर, द बिट्रेयल, लॉर्ड, हू कॅन किल'. वृंदा ती ओळ दोनदा वाचताना मी पाहिली. मग ती हसायला लागली. चार वर्षांत तेवढी एकदाच. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, ठसका लागला, मी पाठीवर थापट्या मारल्या. सई बावरून आत निघून गेली.

"नीता," घसा मोकळा झाल्यावर ती म्हणाली, "तो डॅनी नाही. ती मी आहे."

मला वाटलं, ठसका डोक्यात गेला. पण मग तिने सांगितलं. जेवण तसंच राहिलं आणि हात वाळले.

वृंदा नागपूरची. वडील शाळेत पीटीचे शिक्षक आणि एनसीसीचे अधिकारी. लहानपणी ते तिला मैदानाच्या एका टोकाला उभं करायचे आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन सांगायचे, सावधानची ऑर्डर इथपर्यंत पोचव. "गळ्यातून ओरडशील तर दोन दिवसांत बसेल. बेंबीतून काढ." दहाव्या वर्षी ही एवढीशी पोरगी दोनशे मुलांना एका हाकेत ताठ उभं करायची. पुढे मास्टर्ससाठी ती इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका लहान शहरात गेली. ज्या घरात खोली मिळाली तिथे कॅलम नावाचा गिटार वाजवणारा मुलगा राहायचा. त्याचा बँड चर्चमागच्या खोलीत प्रॅक्टिस करायचा. पाद्री जिथे कपडे बदलतो त्या खोलीला व्हेस्ट्री म्हणतात, ती थंडगार असायची, म्हणून बँडचं नाव ते. त्यांचा गाणारा सोडून गेला होता. एका दुपारी वृंदा चहा देण्यापुरती तिथे गेली होती. कॅलम गमतीने म्हणाला, तू बघ ओरडून. तिने वडिलांची ऑर्डर लावली, फक्त थोडी खालच्या सुरात. ड्रम वाजवणाऱ्या ओवेनच्या हातातली काठी खाली पडली.

दीड वर्ष ती त्यांची गायिका होती. पबमध्ये, कॉलेजांच्या हॉलमध्ये, एकदा तर कुणाच्या तरी धान्याच्या कोठारात. पहिल्या रांगेतले पुरुष ती स्टेजवर आली की हसायचे आणि तिने तोंड उघडलं की मागे सरकायचे. हे ती चमचा ताटावर आडवा ठेवून सांगत होती, इतके लोक, इतकं अंतर. सगळ्या गाण्यांचे शब्द तिचे. ओवेन तिचा मित्र. तिचं अपेंडिक्स फुटायला आलं तेव्हा यानेच तिला व्हॅनमध्ये घालून हॉस्पिटलला नेलं होतं, ऑपरेशन होईपर्यंत बाहेर बसला होता.

आल्बम रेकॉर्ड झाला. एका गाण्यात ब्रेकडाउनच्या जागी, म्हणजे जिथे सगळं संथ आणि जड होतं तिथे, शब्द कमी पडले. रेकॉर्डिंग करणारा म्हणाला, काहीही ओरड, फक्त राग हवा. राग तयारच होता. आईने नागपूरहून डिंकाचे लाडू पाठवले होते, ते त्याच सकाळी डब्यातून नाहीसे झाले होते. कॅलम शपथेवर सांगत होता की त्याने हात लावला नाही. त्याच्या स्वेटरवर डिंकाचे कण होते. तर वृंदाने माइकसमोर उभं राहून, काचेपलीकडे बसलेल्या कॅलमकडे बघत, पोटातून काढलं: "माझ्या डब्यातले लाडू कुणी खाल्ले."

मी सईच्या टीशर्टची ओळ मनात पुन्हा म्हणून पाहिली. मार्टर, द बिट्रेयल, लॉर्ड, हू कॅन किल.

"लोकांनी टॅटू काढलेत त्याचे," वृंदा म्हणाली.

पण ती आता हसत नव्हती. रेकॉर्डिंग संपल्यावर आठवड्यात वडिलांची बायपास ठरली आणि ती नागपूरला गेली. हॉस्पिटलमध्ये तिने त्यांच्या कानाला हेडफोन लावला. त्यांनी अख्खं गाणं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बेंबीतूनच आहे. शाबास." ती तिथे असतानाच कॅलमचा ईमेल आला. मोठी कंपनी आल्बम काढायला तयार आहे, पण तुझ्या विसाचं काही खरं नाही, टूरला चालणार नाही, आम्ही दुसरा गायक घेतोय, समजून घे. तिने ते समजूनही घेतलं असतं. पण तीन महिन्यांनी आल्बम बाहेर आला तेव्हा त्यात आवाज तिचाच होता आणि नाव डॅनीचं. बाईचा आवाज असेल अशी शंका कुणालाच येणार नव्हती, आणि त्यांनी त्याचाच फायदा घेतला.

"बाबांनी सीडीचं कव्हर हातात घेतलं, चष्मा लावला," ती म्हणाली. "उलटसुलट करून बघितलं. म्हणाले, वृंदे, यावर तुझं नाव कुठाय? मी म्हटलं, पुढच्या छपाईत येईल, बाबा. ते म्हणाले, बरं. आणि कव्हर उशाशी ठेवलं. त्याच महिन्यात गेले."

तिने ओवेनला लिहिलं. फक्त एवढंच लिहून दे की त्या दिवशी मी गात होते. ओवेनचं एका ओळीचं उत्तर आलं, की त्या दिवशी तो स्टुडिओत नव्हता.

"होता?" मी विचारलं.

"ड्रम कुणी वाजवले मग?"

ती स्किल्ड विसावर इकडे आली, नोकरी धरली. तिकडे बँड चढत गेला. पब सुटले, थिएटरं आली, मग मोठमोठी मैदानं. डॅनी वीस वर्षांचा, देखणा, आणि गोड कोरस खरंच चांगला गायचा. डुरकण्याच्या जागी मागून टेप लागायची. वृंदा त्यांचे सगळे व्हिडिओ बघायची. तो श्वास घ्यायला तोंड मिटतो तरी आवाज चालू असतो, ते तिने मला दाखवलं.

"पाच वर्षं तू गप्प कशी बसलीस?" मी विचारलं. "तेव्हाच बोंब मारायचीस."

"तेव्हा चर्चमागच्या खोलीतला एक फुटकळ बँड बुडाला असता. म्हटलं, चढू दे. पडायला उंची लागते."

हे तिने हेडसेटवर बोलावं तसं म्हटलं. माझ्या अंगावर काटा आला. तरी खोटं कशाला बोलू, मला ते आवडलंही.

त्या उन्हाळ्यात कोल्ड व्हेस्ट्री ऑस्ट्रेलियाला आले. ब्लॅकटाउनच्या पलीकडे एका मैदानावर दिवसभराचा फेस्टिव्हल होता. सईने तिकीट आधीच काढलं होतं. वृंदा म्हणाली, आपण तिघी जाऊ. सईला तोवर सगळं कळलं होतं. टीशर्ट तिने कपाटाच्या तळाशी कोंबला होता आणि आठवडाभर घरात कुठलंच संगीत वाजलं नव्हतं. गाडीत वृंदाच्या मांडीवर एक स्टीलचा डबा होता. ती कार्डिगन घालून आली होती, बाहेर अडतीस डिग्री.

"ओवेनचं काय?" मी सिग्नलला थांबल्यावर विचारलं. "त्याने तुला हॉस्पिटलात नेलं होतं."

"नोंद आहे."

"मग?"

"दोन्ही नोंदी आहेत, नीता."

त्यांचा कार्यक्रम अडीचला झाला. वृंदा स्टेजकडे फिरकलीसुद्धा नाही, झाडाखाली बसून कोमट पाणी पीत राहिली. साडेतीनला एका तंबूत बँडची मंडळी सह्या द्यायला बसणार होती. आम्ही रांगेत लागलो. पुढेमागे काळ्या कपड्यांतली पोरं, घामाने निथळलेली, हातात आल्बम आणि फोन. आमच्या पुढच्या मुलीच्या दंडावर ती ओळ गोंदलेली होती. वृंदा तिच्याशी फार प्रेमाने बोलली, कुठून आलीस, दुखलं का गं गोंदताना.

टेबलामागे चौघे बसले होते. कडेला कॅलम, मग ओवेन, मग बेस वाजवणारा कुणी नवा, आणि शेवटी डॅनी. मान खाली घालून सह्या चालल्या होत्या. वृंदा सरळ डॅनीसमोर गेली.

"मी तुझी फार मोठी चाहती आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "ती 'लॉर्ड, हू कॅन किल'ची ओळ एकदा माझ्यासाठी म्हणशील? इथेच. माइकशिवाय."

रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, फोन वर आले. कॅलमने आवाज ओळखला असावा. त्याची मान झटकन वर आली. डॅनी हसला, म्हणाला आज घसा बसलाय. मागून आग्रह सुरू झाला. शेवटी त्याने प्रयत्न केला. जे निघालं ते गाडी सुरू न होता घरघरावी तसं होतं. पोरं आधी हसली, त्यांना वाटलं तो थट्टा करतोय. मग हसणं हळूहळू थांबलं.

"नो वरीज," वृंदा म्हणाली. तिने डबा टेबलावर ठेवला, पाय थोडे फाकवून उभी राहिली, खांदे खाली सोडले आणि म्हणून दाखवलं.

तो आवाज मी कागदावर कसा लिहू. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. तंबूचं कापड हललं असं मला वाटलं, ते खरं नसेल. पुढची गोंदलेली मुलगी तोंडावर हात ठेवून उभी राहिली. ओवेनने डोळे मिटून घेतले. वृंदाने ती ओळ पुरी केली, एक घोट पाणी प्यायली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ही माझी भाषा आहे, मराठी. याचा अर्थ, माझ्या डब्यातले लाडू कुणी खाल्ले. तुमच्या पहिल्या आल्बमवर जी ओरडते ती मी आहे. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत."

मग तिने डब्याचं झाकण काढलं आणि डबा कॅलमपुढे सरकवला. आत डिंकाचे लाडू होते.

"आता विचारून घे," ती म्हणाली.

कॅलमने सुरक्षारक्षकाकडे पाहिलं. रक्षक वृंदाकडे बघत होता, पाच फुटांची, कार्डिगनमधली बाई, आणि तिने केलेला गुन्हा कोणता ते त्याला ठरवता येईना. तिनेच त्याला थँक्यू म्हटलं आणि आम्ही निघालो. सईने माझा हात घट्ट धरला होता. किती वर्षांनी धरला होता.

संध्याकाळपर्यंत ते चित्रण जगभर गेलं. बँडने आधी म्हटलं की ही कुणी वेडी बाई आहे. मग मराठी पोरं पुढे आली, पुण्याची, मुंबईची, टोरंटोची. त्यांनी गाणं संथ करून लावलं आणि लाडू सगळ्यांना ऐकू आले. रेकॉर्डिंग करणारा माणूस तिसऱ्या दिवशी बोलला, हो, तीच होती. डॅनीने लिहिलं की तिची परवानगी आहे असं त्याला सांगितलं होतं, आणि तो बँड सोडून घरी गेला. उरलेल्या तारखा रद्द झाल्या. कॅलम आणि ओवेनने एकमेकांविरुद्ध लिहायला सुरुवात केली, कुणी काय ठरवलं, कुणाला काय माहीत होतं. तीन आठवड्यांत कोल्ड व्हेस्ट्री संपला.

त्याआधी त्यांच्या मॅनेजरचा वृंदाला ईमेल आला होता. तूच ये, उरलेली टूर तू गा, लोकांना तूच हवी आहेस. मी ते वाचून खुर्चीतून उठले. वृंदाने आमच्या कंपनीचं ठरलेलं पत्र उघडलं, जे आम्ही दिवसातून वीसदा पाठवायचो, नाव बदललं आणि पाठवून दिलं. 'आपण आम्हाला लिहिल्याबद्दल आभार. आपली निराशा आम्ही समजू शकतो. सर्व बाबींचा विचार करता आपली विनंती मान्य करता येत नाही.' एक मागणी मात्र तिने लावून धरली, आणि ती आल्बम काढणाऱ्या कंपनीला मानावी लागली. आल्बमवर नाव आलं. गायन आणि शब्द, वृंदा सबनीस. छापील कव्हर आलं त्या दिवशी तिने ते टेबलावर उभं केलं, बराच वेळ पाहिलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं.

"बरं वाटलं?" मी विचारलं.

"उशीर झाला," ती म्हणाली आणि पुढचा कॉल घेतला.

ओवेनच्या बायकोचा फोन लंचमध्ये आला. मला फक्त वृंदाची बाजू ऐकू येत होती. "हो. ऐकतेय. कितवा महिना तुला? हो. नाही, त्याने कधी माझं वाईट चिंतलं नाही, ते मला माहीत आहे." मग फार वेळ पलीकडून कुणी रडत असावं. वृंदा हेडसेट न काढता, नजर न हलवता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मला वाईट वाटतं असं मी म्हणू शकते, पण ते खोटं होईल. त्याला एक ओळ लिहायची होती. त्याने दुसरी लिहिली." फोन ठेवल्यावर तिने थर्मास उघडला. तो रिकामा होता. ती रिकामा थर्मास हातात धरून बसून राहिली. मी तिला पाणी आणून दिलं. 

आणि मग कॅलम आला.

बाकीचे इंग्लंडला परतले होते, हा कुणा मित्राकडे सिडनीतच राहिला होता. एका मंगळवारी दुपारी आमच्या रिसेप्शनवर उभा. दाढी वाढलेली, शर्ट इस्त्रीचा. रिसेप्शनवरून फोन आला की एक गृहस्थ वृंदाला भेटायला आलेत, माफी मागायची आहे म्हणतात.

"त्यांना सांगा, मी पाच मिनिटांत खाली येते," वृंदा म्हणाली. मग पर्स घेतली, मागच्या जिन्याने उतरली आणि नदीकाठी जाऊन डबा खाल्ला. परत मागच्याच जिन्याने वर. तो पाच वाजेपर्यंत बसला होता.

बुधवारी पुन्हा आला. पुन्हा पाच मिनिटं. गुरुवारी मी म्हटलं, "अगं, बास आता. एकदा ऐकून घे आणि हाकलून दे."

"ऐकून घेतलं की त्याला बरं वाटेल," ती म्हणाली.

 शुक्रवारी तिने ग्रेगला राजीनामा दिला, त्याच दिवसापासूनचा. पर्थला नोकरी मिळाली होती, कुठे, कसली, ते तिने मलाही सांगितलं नाही. "पोचल्यावर कळवते," म्हणाली, आणि मला तेव्हाच कळलं की कळवणार नाही. माझं आणि सईचं तिने वाकडं काही केलं नव्हतं, आम्ही तिचं केलं नव्हतं, तरी आमच्याकडे बघितलं की तिला ते सगळं आठवणार होतं.

त्या दिवशी मात्र ती पुढच्या दाराने गेली. मी वर खिडकीत उभी होते. कॅलम रिसेप्शनमधून तिच्यामागे धावत बाहेर आला. ट्राम येऊन उभी होती. तो तिच्या बरोबरीने चालत होता, हातवारे करत होता, मग थांबून दोन्ही हात जोडले त्याने, आपल्याकडे जोडतात तसे, कुठे शिकला कुणास ठाऊक. वृंदाने कार्ड टेकवलं, चढली, खिडकीची जागा धरली. दार लागलं. तिने पर्समधून कंगवा काढला आणि काचेत बघून केस नीट केले. ट्राम वळली. मला दिसलेली वृंदा ती शेवटची.

सोमवारी अकराच्या सुमारास रिसेप्शनवरून फोन आला. वृंदाचं एक्स्टेन्शन आता माझ्याकडे वळवलेलं होतं. तो पुन्हा आला होता. म्हणत होता, वाट बघतो, घाई नाही. मी खाली गेले. तो खुर्चीतून उठून उभा राहिला, हातात गुंडाळलेला एक कागद होता, लिहून आणलेलं असावं. तिशीतला माणूस, पण डोळ्यांखाली म्हाताऱ्यासारखा काळा पडलेला. मला त्याची दया आली. ती आली हे मी नाकारत नाही.

मग मला नागपूरला चष्मा लावून कव्हर उलटंसुलटं करणारे, मी कधी न पाहिलेले एक पीटीचे मास्तर दिसले.

"वृंदा आहे का?" त्याने विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "बसा. पाच मिनिटांत येतेय."